ओक नव्हे, ऐन!

आपल्या हॉस्टेलच्या मागे, मेसच्या शेडलगत चार उंच झाडं आहेत. फर्स्ट इयरला सीनियर्सनी सांगितलं, "हे ओक." इंग्रजी सिनेमात पाहिलेला ओक आपल्या कल्याणात, या विचारानेच आम्ही खूश! पुढे जुलैच्या एका वादळी रात्री त्यातली एक फांदी मोडून थेट बाइक्सवर पडली. सकाळी माळीकाका फांदी ओढत म्हणाले, "सिल्वर ओक हाय तो. नावाचाच ओक."

काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं. सिल्वर ओक मूळचा ऑस्ट्रेलियाचा. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी तो भारतात लावला गेला. भरभर वाढतो, पण त्याच्या फांद्या ठिसूळ. खऱ्या ओकशी त्याचं काहीच नातं नाही. खरे ओक आपल्या देशात हिमालयात आणि ईशान्येकडे आहेत, उत्तराखंडात त्यांना बांज म्हणतात. सह्याद्रीत ते नाहीत. मग ओकसारखं टणक, दीर्घायुषी आणि माणसाच्या रोजच्या कामाला येणारं आपलं झाड कोणतं?

उत्तर मला मुरबाडला आजोबांच्या घरी मिळालं. ते घर पाडायला काढलं तेव्हा मधले खांब कुऱ्हाडीला दाद देईनात. आजोबा ओट्यावरून हसत म्हणाले, "ऐन हाय तो, पोरा. माझ्या बापानं उभा केलाय." मी सिव्हिलचा विद्यार्थी, आणि ज्या लाकडाखाली लहानाचा मोठा झालो त्याचं नावही मला ठाऊक नव्हतं!

ऐन हा हिरडा, बेहडा, अर्जुन आणि किंजळ यांचा सख्खा भाऊ. ओळखायला सोपा. साल काळपट, उभ्या-आडव्या भेगांची, अगदी मगरीच्या पाठीसारखी. जाड सालीमुळे जंगलातला वणवा तो बऱ्यापैकी सोसतो. फळाला पाच पंख असतात. येऊरच्या जंगलात किंवा मलंगगडाच्या वाटेवर नजर ठेवा, नक्की दिसेल. मोठ्या ऐनाच्या खोडात कधीकधी पाणी साठतं. मार्च २०२४ मध्ये आंध्रातल्या पापिकोंडा उद्यानात वनखात्याच्या लोकांनी साल छेदताच पाण्याची धार लागली होती, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. (कृपया हा प्रयोग आपण करू नये!)

आता उपयोग. सागाचं घनमीटरचं वजन सुमारे ६५० किलो, तर ऐनाचं ८५० च्या पुढे. म्हणून खांब, तुळया, बैलगाडी, नांगर यांना ऐन. दोष एकच, वाळताना तो चिरतो. आजोबा ओंडक्यांच्या टोकांना शेणमाती लिपून ते सावलीत रचून ठेवायचे. टोकातून पाणी झपाट्याने उडालं की लाकूड फाटतं, हे आपण मटेरियल्सच्या तासाला शिकतो. आजोबांनी तो तास कधीच केला नव्हता. ठाणे जिल्ह्यातल्या भातशेतीत ऐनाच्या डहाळ्या राबासाठी तोडतात. रोपाच्या वाफ्यावर राब भाजला की तणाचं बी मरतं आणि राखेचं खत मिळतं. तिकडे गडचिरोली-भंडाऱ्यात ढिवर समाजाचे लोक ऐनावर तसर रेशमाच्या अळ्या पाळतात. गंमत म्हणजे हिमालयात आणि मणिपुरात तसरचीच एक वेगळी जात ओकच्या पानांवर वाढवतात. म्हणजे ओकचं काम इथे ऐन करतो, हे मी उगीच म्हणत नाही.

हे सगळं कळल्यावर आम्ही सहा जणांनी ठरवलं, हॉस्टेलमागे ऐन लावायचा. पहिल्या पावसाळ्यात काकांच्या बांधावरची वीतभर रोपं उपटून आणली. पंधरा दिवसांत सगळी माना टाकून बसली. कारण नंतर समजलं. ऐनाचं सोटमूळ वरच्या रोपापेक्षा कितीतरी खोल जातं, ते तुटलं की खेळ खलास. छोट्या पिशवीतही ते गुंडाळलं जातं.

म्हणून दुसऱ्या वर्षी थेट बी पेरलं. कृती अशी : फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिकलेली फळं झाडाखालून गोळा करा. त्याच वर्षीची ताजी घ्या. पंख छाटून दोन दिवस पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला. पावसाच्या तोंडावर प्रत्येक खड्ड्यात दोन-दोन बिया इंचभर खोल पेरा. जागा भरपूर उन्हाची हवी. इमारतीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब. पहिली दोन-तीन वर्षं भोवतालचं गवत काढा, गुरांपासून जपा आणि उन्हाळ्यात आठवड्याला पाणी द्या. आम्ही चाळीस बिया पेरल्या, अकरा उगवल्या, उन्हाळ्यानंतर सात उरल्या. आज ती रोपं जेमतेम दीड वीत आहेत.

आणि इथेच खरी अडचण आहे. आपला कोर्स चार वर्षांचा, ऐनाचा हिशोब पिढ्यांचा. पुढच्या वर्षी आम्ही सहाही जण पास होऊन (ऐन वेळी केटी लागली नाही तर!) निघून जाऊ. दीड वितीचं रोप आणि रानगवत यातला फरक नव्या बॅचला कसा कळणार? गवत कापणाऱ्याचा एक विळा फिरला की दोन वर्षांची मेहनत संपली. १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ऐनाचं नाव आहे, पण विळ्याला कायदा वाचता येत नाही.

म्हणून ही विनंती. सातही रोपांभोवती आम्ही विटांची आळी केली आहेत. माळीकाकांनी आणि मेसच्या मावशींनी भांडी विसळलेलं बिनसाबणाचं पाणी द्यायचं कबूल केलं आहे. फर्स्ट इयरच्या सात जणांनी एकेक रोप आपलं म्हणावं आणि जाताना ते पुढच्या सात जणांच्या हाती द्यावं. रेक्टर सरांनी ही नावं हॉस्टेलच्या रजिस्टरमध्ये लिहायला होकार दिला आहे.

सात जागा रिकाम्या आहेत. इच्छुकांनी रूम नंबर २१४ मध्ये भेटावं. चहा आमच्याकडून!