मुरूम की रोझेशिया?

मुरूम (तारुण्यपीटिका): तेलग्रंथींची तोंडे बुजून येतात. काळी-पांढरी टोके ही खूण.

रोझेशिया: गाला-नाकावर टिकून राहणारी लाली, पुटकुळ्या, काळी टोके नसतात. बहुधा तिशीनंतर. सावळ्या त्वचेवर लाली उठून दिसत नाही, म्हणून निदान हुकते. ऊन, तिखट, गरम चहा, मद्य यांनी भडकतो. यवतमाळचा ४५ अंशांचा मे महिना त्यात भरच घालतो.

उपचार: मुरमांवर बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापॅलीन, फरक दिसायला ८ ते १२ आठवडे. आयसोट्रेटिनॉइन गोळ्या गरोदरपणी वर्ज्य. रोझेशियावर मेट्रोनिडाझोल जेल, सनस्क्रीन.

‘गोरे करणारी’ स्टिरॉइड मलमे: दोन्ही विकार बळावतात. २०१८मध्ये अशी १४ स्टिरॉइडे ‘शेड्यूल एच’मध्ये आली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीस मनाई.

दाखवायचे कुठे: वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, यवतमाळ, त्वचारोग विभाग.