८४चे विभाजक: अर्धी उत्तरं भागाकारातच असतात

‘८४चे सगळे विभाजक लिही’ म्हटलं की पुष्कळ मुलं १पासून एकेका संख्येने भागायला लागतात आणि ८४पर्यंत जायचंय या विचारानेच दमतात. निम्म्यापर्यंत, म्हणजे ४२पर्यंत भागून पाहिलं की पुरे, असं मोठी माणसं सांगतात. ते खरं आहे, कारण ४२ आणि ८४ यांच्या मधे ८४चा विभाजक असूच शकत नाही. पण तेवढेही कष्ट नकोत.

बाकी शून्य उरली की हाती दोन विभाजक येतात: भाजक आणि भागाकार. मुलं भाजक लिहून घेतात आणि भागाकार पुसून टाकतात, सगळी दमछाक तिथून सुरू होते. १ने भागलं की ८४, २ने ४२, ३ने २८, ४ने २१, ६ने १४, ७ने १२. ५, ८ आणि ९ने बाकी उरते. आता थांबायचं. १०चा वर्ग १००, तो ८४हून मोठा. म्हणून १० किंवा त्याहून मोठ्या भाजकाने निःशेष भाग गेलाच, तर भागाकार १०पेक्षा लहान येणार, आणि त्या संख्या तपासून झाल्यात. नऊ भागाकारांत बारा विभाजक!

जोड्या मिळतात म्हणून विभाजकांची संख्या सम असणारच, असंही नाही. ३६मध्ये ६ची जोडी ६शीच जमते, त्यामुळे विभाजक नऊ. पूर्ण वर्गसंख्यांचं हे असंच असतं.

४ने भाग जातो, ६नेही जातो, तेव्हा २४नेही जाणार, ही चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ८४ भागिले २४ करून पाहा, बाकी १२ उरते. ८४ म्हणजे २×२×३×७. त्यात २ दोनदाच आहे, २४ला तो तीनदा लागतो. ४ आणि ६ दोघेही त्याच २वर हक्क सांगतात. ३ आणि ४ मात्र सहमूळ, म्हणून त्यांच्यावरून १२चा निष्कर्ष बिनधास्त काढावा.

विषम दिसली की मूळ संख्या, हा समज ९१ने मोडतो: ७×१३. १२१च्या आतली १हून मोठी संख्या मूळ आहे का हे ठरवायला २, ३, ५, ७ एवढे चारच भाजक पुरतात. भाजक ती संख्या स्वतःच असेल तर तो धरायचा नाही. आणि मोठ्या संख्येला जास्त विभाजक, हेही नाही; ९७ला दोन, ६०ला बारा.

अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९साठीच आहे, कारण १०ला त्यांनी भागलं की बाकी १ उरते. ७ने भागलं तर ३ उरते, म्हणून ८+४=१२ला ७ने भाग गेला नाही तरी ८४ला जातो. त्याच १२ने ८४ला मात्र निःशेष भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी नाव दिलं: हर्षद संख्या.