ऑक्टोपॅडला हवी तिवई

रत्नागिरीहून काजळी नदीच्या मुखावरचा पूल ओलांडला की पलीकडे भाट्ये. समोर समुद्र, काठाला सुरूचे बन, झरी विनायकाचे देऊळ आणि आत माडांच्या वाड्या. त्यांतल्याच एका वाडीत माझ्या थोरल्या बहिणीचे घर आहे. दरवर्षी गौरीगणपतीला तिच्याकडे जाण्याचा माझा नेम. त्यांतला गेल्या वर्षीचा गणपती माझ्या चांगलाच लक्षात राहिला आहे, आणि तो ज्या कारणाने राहिला ते सांगताना मला अजून थोडी लाज वाटते.

माझा भाचा ऑक्टोपॅड वाजवतो. भजन असो, जाखडी असो की हळद असो, या वाद्यावाचून हल्ली कोणाचे चालत नाही. तरीही ज्यांनी ते जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जाडजूड पाटीसारखी एक काळी पेटी, आणि तिच्यावर चार-चारच्या दोन ओळींत आठ रबरी पॅड. एकावर काठी मारावी तर ढोलकी बोलते, शेजारच्यावर मारावी तर संबळ. 1972 साली इकुतारो काकेहाशी या जपानी गृहस्थांनी रोलँड ही कंपनी काढली आणि तिने 1985 साली पहिला ऑक्टोपॅड बाजारात आणला. गंमत अशी की, त्या पहिल्या यंत्राला स्वतःचा आवाजच नव्हता! 'आता वाज' असा इशारा ते दुसऱ्या यंत्राला करी, एवढेच. पोटात आवाज घेऊन आलेली भावंडे मागाहून जन्मली. ऑक्टोपॅड हे खरे तर त्या कंपनीने ठेवलेले नाव. पण वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणणारे आपण लोक, आठ पॅडांच्या कुठल्याही यंत्राला ऑक्टोपॅडच म्हणतो.

भाच्याने दोन वर्षे पैसे साठवून हे यंत्र घेतले. दिवसा गॅरेजात काम आणि रात्री कार्यक्रमांची बिदागी, असे ते पैसे होते. यंत्र घरी आले तेव्हा त्याने मला फोन केला. "मामा, स्टँड कुठला घेऊ? चांगला घ्यायचा तर बरेच पैसे पडतील." मी मराठी शिकवतो, लोखंडातले मला काय कळते? पण विचारले की सांगायचे, हा आम्हा मास्तरांचा जातिधर्म. मी म्हणालो, "अरे, स्टँड म्हणजे काय, चार लोखंडी नळ्या! त्यावर कशाला पैसे घालवतोस?" पोराने मामाचा शब्द मानला. फुलीच्या आकाराचा, मिटता येणारा, सर्वांत स्वस्त स्टँड त्याने आणला. यंत्राच्या किमतीच्या विसाव्या हिश्श्याचीही त्याची किंमत नव्हती, आणि हे सांगताना मला तेव्हा अभिमान वाटला होता.

गौरी आल्या त्या रात्री अंगणात जाखडी उभी राहिली. मध्ये गाणारे-वाजवणारे आणि भोवती पायांत चाळ बांधलेली पोरे रिंगणात नाचणारी. अंगण जांभ्या चिऱ्यांचे. जुने, पावसाने झिजलेले, एक चिरा वर तर एक खाली. पहिल्या गाण्यालाच भाच्याच्या कपाळाला आठ्या दिसू लागल्या. तो ढोलकीवर मारी आणि मधूनच झांजेचा आवाज निघे. तो वाकून काही बटणे दाबी, पुन्हा वाजवू लागे. तिसऱ्या गाण्याला लय चढली, रिंगण आत सरकले, कोणाचा तरी पाय वायरीत अडकला, आणि ती फुली आपली मिटता येण्याची विद्या भर अंगणात दाखवून मोकळी झाली. ऑक्टोपॅड कोपऱ्यावर आपटला. आठांतले दोन पॅड मुके झाले.

यंत्र दुरुस्तीला मुंबईस गेले आणि नवरात्राच्या दोन सुपाऱ्या हातच्या गेल्या. भावोजी काही बोलले नाहीत. ताईने नेहमीसारखा चहा पुढे केला. भाचा मात्र म्हणाला, "जाऊ दे मामा, तुम्ही कशाला मनाला लावून घेता!" त्याने चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी वाडीतले एक म्हातारे सुतार दर्शनाला आले होते. त्यांनी तो स्टँड चिऱ्यांवर उभा केला, बोटाने ढकलला आणि माझ्याकडे पाहिले. "मास्तर, ह्याला टेकायला चार टोकं आहेत. पण तुमचं अंगण सपाट कुठे आहे? एक टोक कायम अधांतरी राहणार. तिवईला पाय तीनच का, सांगा बघू?"

शाळेत भूमिती मीही शिकलो आहे. कोणत्याही तीन बिंदूंतून एक पातळी जातेच. म्हणून तीन पायांची वस्तू खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही. चौथा पाय आला की भांडण सुरू. हे मला सुताराने सांगावे लागले, ही माझ्या पदवीची शोभा!

मग मी विचार करू लागलो, की आपल्या जुन्या वाद्यांना ही अडचण कधी का आली नाही? कारण उघड आहे. ढोलकी कमरेला, मृदंग गळ्यात नाहीतर मांडीपुढे, तबला-डग्गा आपापल्या चुंबळीवर. वाद्याला माणसाचे अंग तरी मिळे, नाहीतर जमीन तरी. ऑक्टोपॅडला यांतले काहीच नाही. त्याला आपणच मांडी द्यायची असते, आणि ती विकत घ्यावी लागते.

आणि ती मांडी हलली तर नुसते पडण्याचे भय नसते. मारायचे ढोलकीवर आणि वाजायची झांज, हे कसे, ते भाच्याने मला नंतर समजावले. प्रत्येक पॅडखाली थरथर ओळखणारा एक सेन्सर असतो. काठी पडली की तो विजेचा बारीकसा झटका देतो आणि यंत्र आवाज काढते. पण सेन्सरला काठी दिसत नाही, त्याला कळते ती थरथर. स्टँड डुगडुगला, जमीन हादरली, की शेजारच्या पॅडलाही वाटते, आपल्यालाच मारले! यावर उपाय म्हणून वादक थ्रेशोल्ड वाढवतो, म्हणजे हलकी थरथर मोजायचीच नाही असे यंत्राला बजावतो. त्याने झांज गप्प होते खरी, पण त्याबरोबर वादकाचे हलके हातही गप्प होतात. मग तो जोरात मारू लागतो. जोरात मारले की स्टँड आणखी हलतो. त्या रात्री भाचा वाकून बटणे दाबत होता तो याच फेऱ्यात सापडून. उत्तम यंत्र घ्यावे आणि त्याचे नाजूक बोल स्वस्त नळ्यांपायी गमवावेत, असा हा व्यवहार. तो करवला मी.

यंत्र दुरुस्त होऊन परत आणायला आम्ही दोघेही मुंबईस गेलो आणि येताना एका वाद्यांच्या दुकानात शिरलो. यंत्र बरोबर होते, हे फार बरे झाले. रिकामा स्टँड कोणताही भक्कमच दिसतो. दुकानदाराने गुळगुळीत फरशीवर एकेक स्टँड उभा केला, आणि सारेच कसे खांबासारखे उभे! मी म्हटले, "जरा बाहेर फुटपाथवर ठेवून बघू का?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी शालू नेसून बघू का असे विचारले. पण नेऊ दिले. त्या उंचसखल लाद्यांवर निम्मे उमेदवार नापास झाले. तबकडीच्या जागी तीन हात असलेला, साइड ड्रमचा एक स्टँड चांगला जड होता. पण बसून वाजवणाऱ्यालाच चालेल इतका बुटका. भाचा कधी बसून वाजवतो, कधी उभ्याने. वाजवताना कोपर साधारण काटकोनात राहावे आणि पॅड त्याच्या किंचित खाली यावेत, नाहीतर दोन तासांत खांदे भरून येतात.

शेवटी ठरला तो एकखांबी, तीन पायांचा. प्रत्येक पाय एकेरी पट्टीचा नसून दुहेरी पट्टीचा आहे. पिळून पाहिला तर पिळवटत नाही. उंचीचा स्क्रू प्लॅस्टिकच्या नव्हे, धातूच्या कड्यात बसतो, आणि त्याखाली आणखी एक कडे आवळायची सोय आहे, म्हणजे स्क्रू सैल झाला तरी यंत्र एकदम खाली घसरत नाही. प्लॅस्टिकचे कडे जास्त आवळले की चिरते, हे मी आता अधिकारवाणीने सांगू शकतो. वरची तबकडी यंत्राच्या पाठीला चार स्क्रूंनी बसते. ते स्क्रू यंत्राबरोबर आलेलेच वापरावेत. हार्डवेअरच्या दुकानातून लांब स्क्रू आणून घातले तर ते आतल्या भागांना भिडायचे.

तीन पायांनाही खोड आहे, ती सुतारबाबांनी सांगितली नव्हती. तिवई डुगडुगत नाही, पण दोन पायांच्या मधल्या बाजूला ढकलली तर चटकन कलंडते. म्हणून पाय जेवढे फाकतील तेवढे फाकवावेत. मिटवून ऐटीत उभे करू नयेत. यंत्र वादकाकडे कललेले असते, तेव्हा भारही तिकडेच झुकतो; एक पाय वादकाच्या बाजूलाच यावा. वायर वरून सरळ लोंबू न देता खांबाबरोबर खाली आणून पायाशी बांधावी. मग कोणी अडखळले तरी ओढ बुडाला बसते, माथ्याला नाही. गेल्या वर्षी एवढे एक केले असते तरी ती फुली कदाचित उभी राहिली असती.

पुळणीवर कार्यक्रम असेल तर पायांखालच्या रबराचा उपयोग शून्य. पाय वाळूत रुततात, तेही वेगवेगळे. तिथे खाली जाड फळी घालावी. शिवाय भाच्याने तांदळाची रिकामी पिशवी वाळूने भरून खांबाला खालच्या अंगाला टांगायची युक्ती काढली आहे. कार्यक्रम संपला की वाळू जिथली तिथे, पिशवी खिशात. दोन-तीन किलो अधिक वजनाचा स्टँड विकत घेण्यापेक्षा आणि गावोगाव वाहण्यापेक्षा हे मला फार शहाणपणाचे वाटते.

राहता राहिली खारी हवा. भाट्याला लोखंड म्हणजे दोन पावसाळ्यांचे पाहुणे. वाजवून झाल्यावर नळ्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि सांध्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवावा. ताईचा आग्रह खोबरेल लावण्याचा. 1955 पासून नारळाचे संशोधन केंद्र ज्या गावात आहे, तिथे दुसरे तेल सुचवणे म्हणजे फितुरीच. पण खोबरेल थंडीत थिजते आणि धूळ धरते, म्हणून मी फितूर झालो.

यंदाच्या गणपतीत जाखडी त्याच अंगणात झाली. मी सारा वेळ नाचाकडे कमी आणि त्या तीन पायांकडे जास्त बघत होतो. रिंगण आत सरकले, चिरे हादरले. झांज वाजली ती भाच्याने वाजवली तेव्हाच. मधल्या एका गाण्यात त्याने काठ्या अगदी हलक्या केल्या, नुसती टोके टेकवली, आणि तरी प्रत्येक बोल ऐकू आला. मी भावोजींकडे पाहिले. ते डोळे मिटून मान हलवत होते.

सकाळी उठून बाहेर आलो तर पाऊस लागला होता. ऑक्टोपॅड आत पेटीत, आणि स्टँड पडवीत उभा. ताईने त्याच्यावर तीन ओले पंचे आणि भावोजींचा एक जाड टॉवेल वाळत घातला होता. "हा बरा आणलास हो," ती म्हणाली. "गेल्या वर्षीचा दोन पंचेसुद्धा पेलत नव्हता."