ॲजिटेट म्हणजे चिथावणे नव्हे!

बाबासाहेबांची त्रिसूत्री आपल्या वस्त्यावस्त्यांत भिंतींवर रंगवलेली आहे. मराठीत ती 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' अशी आहे. पण जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीतून जो संदेश दिला, त्याचा क्रम एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज असा होता. मराठीत दुसरे पद तिसऱ्या जागी कसे गेले? आमच्या मते, या क्रियापदांचे अर्थ आपण नीट पारखून घेतले नाहीत, हे त्याचे कारण आहे.

पहिले क्रियापद घ्या. इंग्रजीत 'लर्न' म्हणजे स्वतः शिकणे आणि 'एज्युकेट' म्हणजे दुसऱ्याला शिक्षित करणे. 'शिका' म्हटले की माणूस स्वतःपुरता शिकतो, नोकरीला लागतो आणि वस्ती सोडतो. बाबासाहेब स्वतः कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकले, पण तिथेच थांबले नाहीत. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले. शिकून समाजाला शिकवणे, हा 'एज्युकेट'चा पुरा अर्थ आहे.

खरा घोळ दुसऱ्या क्रियापदात आहे. 'ॲजिटेट' म्हणजे मुळात हलवणे, ढवळणे. कपडे धुण्याच्या काही यंत्रांत पाणी घुसळणारा दांडा असतो, त्याला ॲजिटेटर म्हणतात. तो कापड फाडत नाही, मळ सोडवतो. लक्षणेने हेच क्रियापद मनाला लागू होते. शतकानुशतके गुलामीत साचलेले मन ढवळून काढणे म्हणजे ॲजिटेट करणे. गंमत म्हणजे आपल्या 'आंदोलन' शब्दाचाही मूळ अर्थ झोका, हेलकावा असाच आहे. याउलट 'इन्साइट' म्हणजे चिथावणे. प्रस्थापितांनी या दोन शब्दांतला फरक मुद्दाम पुसला आणि हक्क मागणाऱ्या प्रत्येकाला चिथावणीखोर ठरवले. दुर्दैव असे की आपलेही काही तरुण दगड उचलण्यालाच ॲजिटेशन समजू लागले. त्यात गुन्हे तरुणांवर दाखल होतात आणि पुढारी मोकळे राहतात!

'संघर्ष' हा शब्द आम्हाला प्रिय आहे, तो आम्ही टाकत नाही. पण संघर्ष बाहेर होतो, घुसळण आधी आत व्हावी लागते. चळवळीचा इतिहासच पाहा. १९२० साली 'मूकनायक' निघाला आणि मने हलू लागली. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. त्यानंतर २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो पावले चालत गेली. अस्वस्थ झालेला माणूसच संघटनेत टिकतो. निवांत माणूस फक्त वर्गणी देतो!

तिसरे क्रियापद 'ऑर्गनाइज'. 'गॅदर' म्हणजे नुसते गोळा होणे. 'ऑर्गनाइज'च्या पोटात 'ऑर्गन' म्हणजे अवयव हा शब्द आहे. हात, पाय, डोळे आपापले काम करतात, पण देह एक असतो. १९४२ च्या त्याच नागपूर परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, ती असा देह घडवण्यासाठी. आपण मात्र जयंतीला लाखोंनी गोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी गटागटांत विखुरतो. प्रत्येक अवयवालाच डोके व्हायचे असेल, तर देह उभा राहील कसा?

भिंतीवरची अक्षरे पुसा, असे आम्ही म्हणत नाही. ती पिढ्यांच्या काळजावर कोरलेली आहेत. पण पुढच्या वेळी विहारात ती वाचताना प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मी कुणाला शिकवले? कुणाचे मन जागे केले? आणि कुणाला जोडून घेतले? उत्तर 'कुणालाच नाही' असे आले, तर बाबासाहेबांचा संदेश आपण फक्त भिंतीवर लिहिला, जगलो नाही.

जयभीम!