आधी सल्ला, मग तडजोड

गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारा विधी सेवा प्राधिकरण कायदा लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. त्याची तिशी २०२५मध्ये भरली. त्याच सुमारास एका तालुका न्यायालयात गेलो, तर मोफत सल्ल्याच्या खोलीला कुलूप. सगळे लोकअदालतीच्या तयारीत गुंतलेले. हे मनाला फार लागलं.

आधीची वर्षं थोडक्यात सांगतो. १९७६च्या घटनादुरुस्तीने मोफत विधी साहाय्याचं कलम ३९-अ आलं. १९७९मध्ये हुसैनारा खातून खटल्यामुळे बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं सडणारे कच्चे कैदी देशाला दिसले. पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३मध्ये आदेश दिला, की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावं. कायदा १९८७मध्येच संमत झाला होता. अंमलात यायला आठ वर्षं गेली.

त्यानंतरचं दशक मी वकिलीच्या उमेदवारीत पाहिलं. शनिवारी दुपारी आमचे ज्येष्ठ वकील सल्ल्याला बसत. वाटणी, पोटगी, बुडालेली मजुरी, सावकाराला लिहून दिलेलं खरेदीखत, असे सगळे प्रश्न तिथे येत. एकदा एक विधवा आली. दिरांनी कोऱ्या स्टँपपेपरवर अंगठा घेऊन वर हक्कसोडपत्र लिहिलं होतं. ज्येष्ठांनी कागद शेवटपर्यंत वाचला, उलटून पाहिला. दुय्यम निबंधकाचा शिक्का कुठेच नव्हता. ‘‘मावशी, नोंदणी नाही, तर याने तुमचा हिस्सा जात नाही. पण फेरफार मंजूर व्हायच्या आत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.’’ हरकतीचा अर्ज त्यांनी तिथेच लिहून दिला. दावा लावावाच लागला नाही.

या कामाला बार रूममध्ये ‘फुकटची वकिली’ म्हणणारे होते. महिलांकडे उत्पन्नाचा दाखला मागणारे कारकूनही होते. कायद्याच्या कलम १२नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाहीच. तरी बायका मजुरी बुडवून दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. तो अन्याय होता आणि तो करणाऱ्यांना मी आजही माफ करत नाही.

पुढे तडजोडीने प्रकरणं मिटवणाऱ्या राष्ट्रीय लोकअदालती आल्या आणि निकाली प्रकरणांचे आकडे मोजले जाऊ लागले. वाहतुकीची चलनं, बँकांची थकबाकी, वीजबिलं यांनी ते फुगतात. तडजोडीला माझा विरोध नाही. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. बँकेकडे वकील असतो आणि समोरच्या कर्जदाराला कुणी कागद वाचूनही दाखवलेला नसतो. मग त्याची सही ही संमती कशी मानायची?

२०२२पासून फौजदारी खटल्यांसाठी पूर्णवेळ बचाव वकील नेमले जाऊ लागले. ते पाऊल योग्यच आहे. पण विधवेच्या सातबाऱ्याचं काय? १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. फोनवरून स्टँपपेपरची मागची बाजू तपासता येत नाही.

प्रत्येक तालुक्यात आठवड्याचा एक ठरलेला दिवस हवा, अनुभवी वकील हवा, त्याला सन्मानाचं मानधन हवं. ज्याच्याकडे वकील नाही, त्याला आधी तिथे बसवावं आणि मगच तडजोडीच्या कागदावर सही घ्यावी.