केंद्रक नसलेल्यांची दुनिया

बारावीनंतर बायॉलॉजीला रामराम ठोकून आपण इंजिनिअरिंगला आलो, पण बायॉलॉजी काही आपल्याला सोडत नाही. मेसमधलं दही, गावाकडचा गोबरगॅस, बीड जिल्ह्यातल्या रानातला हरभरा, या तिन्ही ठिकाणी राबतात ते आदिकेंद्रकी जीव.

यांची ओळख सोपी आहे. शरीर म्हणजे एकच पेशी. तिच्यात पटलाने वेढलेलं केंद्रक नाही, तंतुकणिकाही नाहीत. डीएनए बहुधा गोल कड्यासारखा, पेशीद्रवातच असतो. वाढ द्विखंडनाने, म्हणजे एकाचे दोन, दोनाचे चार. पोषक परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. गणित करून बघा : रात्री ११ वाजता एक असेल, तर सकाळी ६ वाजता वीस लाखांच्या वर! रात्रीची उघडी भाजी सकाळी खाणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

वर्गीकरणाचे मुख्य गट दोन. पहिला जिवाणूंचा. १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी रंग देऊन त्यांना ओळखायची पद्धत काढली. जाड भित्तीचे जांभळे दिसतात ते ग्राम पॉझिटिव्ह, पातळ भित्तीचे गुलाबी ते ग्राम निगेटिव्ह. हरभऱ्याचं रोप उपटलं की मुळांवर गाठी दिसतात ना, त्यांत रायझोबियम गटाचे जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात.

दुसरा गट आर्कियांचा. दिसायला जिवाणूंसारखेच, पण १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमचा आरएनए ताडून पाहिला, तेव्हा हे घराणंच वेगळं निघालं. गोबरगॅसमध्ये शेण कुजवतात जिवाणू, पण शेवटी मिथेन तयार करतात ते आर्किया. जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं होतं, तेही मीठप्रिय आर्कियांमुळेच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून हे सांगितलं.

आता हे वर्गीकरण आपल्या काय कामाचं? पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधं जिवाणूंची पेशीभित्ती बांधण्याचं काम बंद पाडतात. आपल्या पेशींना भित्ती नसते, म्हणून आपण वाचतो. पण विषाणूलाही ती भित्ती नसते, आणि साधी सर्दी होते विषाणूमुळे! तेव्हा रूममेटच्या कपाटात उरलेल्या गोळ्या सर्दीवर घेऊन उपयोग शून्य. उलट पोटातले औषधाला दाद देणारे जिवाणू मरतात, न जुमानणारे उरतात आणि तो गुण डीएनएच्या छोट्या कड्यांमधून शेजाऱ्यांनाही देतात. मग खरोखर गरज पडेल तेव्हा तीच गोळी लागू पडत नाही.

म्हणून गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि त्यांनी सांगितली तितके दिवस घ्या. सर्दीला गरम पाणी आणि एक दिवसाची झोप पुष्कळ झाली.