भंगार की बिल्ड? लकडगंजच्या जुन्या जिप्सीचं हलकेपणाचं गणित

हा भाग मेट्रोत अर्धा ऐकून ज्यांनी सोडला आणि ज्यांना आकडे ऐकताना झोप आली, त्या दोघांसाठी ही लिखित आवृत्ती. बोलताना मी इकडून तिकडे उड्या मारतो, इथे तेच जरा ओळीने लावलंय.

प्रश्न साधा आहे. जुनी, छोटी, मागून उघडी असलेली मालवाहू गाडी घरी पडून आहे. तिला चपळ करायचं. खिशात फार पैसे नाहीत. सुरुवात कुठून करायची?

आधी सांगून ठेवतो, मी मेकॅनिक नाही. बीटेक केलं, दिवसभर कोड लिहितो. पण कोड हळू चालत असेल तर आम्ही लगेच नवा सर्व्हर विकत घेत नाही. आधी मोजतो, वेळ कुठे जातोय ते बघतो, नको ते काढतो. गाडीलाही अगदी हेच लागू पडतं.

गाडी कोणती?

माझ्या मित्राच्या घरी लकडगंजात लाकडाचा धंदा आहे. त्यांच्याकडे २००३ ची मारुती जिप्सी किंग आहे. "अबे, जिप्सी कुठे पिकअप झाली?" असं काही जण म्हणतील. बरोबर आहे, कागदावर नाही. पण जिप्सी ही सुझुकीच्या एसजे मालिकेतल्या लांब व्हीलबेसच्या गाडीवर बेतलेली. खाली शिडीसारखी चासी, चारही चाकांना पट्ट्यांच्या कमानी, मागे उघडणारं फाटक. आपल्या लष्कराने तर तिला ५०० किलो माल वाहणाऱ्या गाड्यांच्या गटातच ठेवलं होतं. ताडोबा-पेंचला सफारीला गेला असाल तर तिच्या मागच्या सीटवर तुमची पाठ शेकून निघालीच असेल.

१९८५ मध्ये ती आली तेव्हा इंजिन ९७० सीसीचं होतं. १९९६ मध्ये १.३ लिटरचं आलं आणि २००० मध्ये त्यालाच फ्युएल इंजेक्शन आणि १६ व्हॉल्व्ह मिळून ताकद ८० हॉर्सपॉवरच्या घरात गेली. सॉफ्ट टॉप गाडीचं कंपनीचं वजन ९८५ किलो. हे दोन आकडे लक्षात ठेवा: ८० आणि ९८५. याच हलकेपणामुळे देशातल्या रॅलींमध्ये ही गाडी वर्षानुवर्षं पळाली. राष्ट्रीय रॅली स्पर्धेत जिप्सीचा वेगळा गटही राहिलाय.

आता मित्राच्या घरचा पेच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी आरटीओत तपासणी करून नूतनीकरण. म्हणजे या गाडीची पुढची तपासणी २०२८ मध्ये. काका म्हणतात, तोवर कशाला थांबायचं, आत्ताच भंगारात द्या. मित्र म्हणतो, मला हिची बिल्ड करायची आहे. अट एकच ठरली: गाडी चपळ झाली पाहिजे, पण २०२८ च्या तपासणीत अडकता कामा नये. तपासणीत अडकली तर काकांचं म्हणणं आपोआप खरं ठरणार.

पहिलं काम: वजनकाटा

लकडगंजात लाकूड घनफुटात मोजतात, किलोत नाही. पण ट्रक तोलायचे काटे आसपास आहेतच. आम्ही गाडी रिकामी करून काट्यावर चढवली. आकडा आला १,१०० किलो. ट्रकचा काटा १०-१० किलोच्या टप्प्यात दाखवतो, तरीही कंपनीच्या ९८५ पेक्षा शंभरेक किलो जास्त! एवढं वजन आलं कुठून?

वीस-बावीस वर्षांत हौस आणि धंदा, दोघांनी मिळून ते चढवलं होतं. आम्ही एकेक वस्तू काढली आणि भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली:

- पुढचा बुलबार: २२ किलो
- मागचा जाड लोखंडी बंपर गार्ड: १८ किलो
- लांब फळ्या टेकवायला केलेला लोखंडी सांगाडा: १६ किलो
- मूळ तळावर टाकलेला चौकडीचा पत्रा: २४ किलो
- स्पीकरचा डबा आणि ॲम्प्लिफायर: १४ किलो
- कॅन, साखळी, जुनी हत्यारं: ९ किलो

एकूण १०३ किलो. यातली एकही वस्तू कंपनीने बसवलेली नव्हती. म्हणजे ती काढणं हा बदल नाहीच, ती गाडी पुन्हा मूळ रूपात आणणं आहे. बुलबार तर तसाही नकोच. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं होतं.

बुलबारची आणखी एक गंमत आहे. तो पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकतो. समजा, त्याचं वजन ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर पुढे आहे. जिप्सीचा व्हीलबेस २,३७५ मिलिमीटर. तरफेचा शाळेतला नियम लावला तर २२ किलोचा बुलबार पुढच्या चाकांवर साधारण २७-२८ किलो टाकतो आणि मागच्या चाकांवरून ५-६ किलो उचलतो. आधीच हलक्या असलेल्या मागच्या बाजूला हे अजिबात परवडत नाही. म्हणून टोकाला लटकणारं वजन आधी काढायचं.

लाकडाच्या गल्लीत ॲल्युमिनियम कशाला?

चौकडीचा पत्रा काढला, पण माल टाकायला वर काहीतरी हवंच. मित्र म्हणाला, ॲल्युमिनियम टाकू. इथे जरा थांबा.

ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे वजनही एक तृतीयांश होईल असं वाटतं. पण ॲल्युमिनियम तेवढंच लवचीकही आहे. पोलादाइतकाच ताठपणा हवा असेल तर पत्रा सुमारे १.४ पट जाड घ्यावा लागतो. दीड चौरस मीटरचा २ मिलिमीटर पोलादी पत्रा साधारण २३.५ किलोचा. तेवढाच ताठ ॲल्युमिनियमचा पत्रा ३ मिलिमीटरचा लागेल आणि वजन भरेल १२ किलो. वजन निम्मंच होतं, एक तृतीयांश होत नाही.

आता प्लायवूड बघा. १२ मिलिमीटर जाडीचा चांगला वॉटरप्रूफ प्लाय, घनता घनमीटरला ६०० किलोच्या आसपास धरली तर तेवढ्याच मापाला ११ किलोच्या आत बसतो. वर त्याचा ताठपणा त्या पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट!

हा काही जुगाड नाही. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं मॉस्किटो विमान मुख्यतः लाकूड आणि प्लायचं होतं. मार्कोस या ब्रिटिश कंपनीने सुरुवातीच्या स्पोर्ट्स कारची चासीच प्लायची केली होती. आणि आपण मात्र लकडगंजात बसून ॲल्युमिनियमचा भाव विचारून राहिलो!

पथ्यं दोन. पहिलं, कापलेल्या कडा सील करायच्या, नाहीतर पावसात पाणी आत शिरून थर सुटतात. दुसरं, हा प्लाय फक्त वरचं अंथरूण आहे. मूळ तळ, चासी, सीटबेल्टचे बोल्ट यांना हातही लावायचा नाही.

मग फायदा किती झाला?

१०३ किलो गेले, ११ परत आले. काट्यावर गाडी १,१०० वरून १,०१० वर. ७० किलोचा चालक धरला तर १,१७० वरून १,०८०.

८० हॉर्सपॉवरला वजनाने भागा. आधी टनामागे ६८.४ मिळत होते, आता ७४.१. सव्वाआठ टक्क्यांची वाढ. हीच वाढ इंजिनमधून काढायची असती तर पावणेसात हॉर्सपॉवर जास्त लागले असते. त्यासाठी इंजिन खोलणं, पार्ट, ट्यूनिंग, बराच खर्च. इथे तर उलट भंगाराचे पैसे हातात आले.

आणि ताकद वाढवली की फक्त पळण्यात फरक पडतो. वजन कमी केलं की वळणातही फरक पडतो आणि ब्रेकवरही. ताशी ८० किलोमीटरवर गाडीत जी गतिज ऊर्जा असते ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ती जवळपास ८ टक्क्यांनी कमी झाली. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन आयुष्यभर हेच तत्त्व धरून गाड्या करत राहिला.

टायरचा सापळा

आता ज्यावर आमचं खरं भांडण झालं तो मुद्दा. मित्राला मोठे टायर हवे होते. २३५/७५ आर १५. दिसतात भारी, कबूल.

मूळ टायर २०५/७० आर १५. त्याचा व्यास येतो ६६८ मिलिमीटर, मोठ्याचा ७३३. म्हणजे जवळपास १० टक्के मोठा. चाक मोठं झालं की तेच इंजिन, तोच गिअर, पण रस्त्यावर लागणारा जोर सुमारे ९ टक्क्यांनी कमी. आपण घाम गाळून मिळवले सव्वाआठ टक्के, आणि टायर घेऊन गेला ९! शिवाय मोठा टायर स्वतः जड, आणि फिरणारं वजन वेग घ्यायला जास्त नडतं. मीटरही खोटं बोलायला लागतो: काटा ६० वर, गाडी ६६ ला.

मी हे कागदावर मांडून दाखवलं. तो पाच मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "ठीक आहे बे, मूळ मापाचेच घेऊ, पण चांगल्यातले." घेतले. जुने टायर झिजण्याआधीच कडक झाले होते, त्यामुळे पकडीतला फरक पहिल्याच वळणावर जाणवला.

नागपूरचा उन्हाळा आणि फुकटची ताकद

मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा हवा पातळ होते. २५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४५ अंशांच्या हवेत साधारण ६ टक्के कमी ऑक्सिजन इंजिनला मिळतो. म्हणजे ८० मधले पाचेक हॉर्सपॉवर दुपारी नुसते उन्हात वितळतात. त्यात एअर फिल्टरची नळी तुटलेली असेल आणि रेडिएटरमागची गरम हवा आत जात असेल तर नुकसान आणखी वाढतं. म्हणून आधी नळी मूळ जागी बसवा, फिल्टर बदला, रेडिएटर साफ करा, कूलंट नवं भरा. मग कॉम्प्रेशन तपासा. ते कमी आलं तर बाहेरून काहीही लावून उपयोग नाही.

कमानींचंही तसंच. पट्टे माल वाहायला केलेले असतात, त्यामुळे रिकामी गाडी मागून उडते. लोक लगेच एक पट्टा काढतात. तसं करू नका. एकतर उद्या माल टाकलात तर कमान बसेल. दुसरं, बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह गाडी मागून किती दबली आहे त्यावर चालतो. उंची बदलली की त्याचा अंदाज चुकतो आणि जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं जाम होऊ शकतात. त्याऐवजी झिजलेले बुश आणि पिना बदला, नवे शॉक ॲब्झॉर्बर टाका, टायरमधली हवा माल बघून भरा. अर्धं उडणं तिथेच थांबतं.

कायदा कुठे आडवा येतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. नोंदणीतला तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील यात तफावत येईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द नीट वाचा. वर अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

म्हणून दरवाजे काढणं, बंपर कापणं, चासी कापून छोटी करणं, दुसरं इंजिन टाकणं, हे रस्त्यावरच्या गाडीत नाही म्हणजे नाही. तसली बिल्ड करायचीच असेल तर ती स्पर्धेची गाडी समजा: एफएमएससीआयच्या मान्यतेची स्पर्धा, लायसन्स, रोलकेज, हेल्मेट, अग्निशामक, तांत्रिक तपासणी. आणि गंमत म्हणजे रोलकेज वजन वाढवतो. तरी रॅलीवाले तो आनंदाने बसवतात, कारण जीव वाचवणारं वजन हे जास्तीचं वजन नसतं.

तर क्रम असा

आधी काट्यावर तोला. कंपनीचं नसलेलं सगळं उतरवा. मग टायर, ब्रेक, बुश, शॉक. मग इंजिनची तब्येत. आणि ताकद वाढवायचा विचार सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा तिथवर पोचेपर्यंत तिची गरजच उरत नाही.

मित्राच्या जिप्सीत कागदावर काहीच बदललेलं नाही. २०२८ मध्ये आरटीओचा माणूस बघेल तेव्हा त्याला कंपनीतून निघाली तशीच गाडी दिसेल. काकांनी मागच्या आठवड्यात ती स्वतः वर्धमाननगरपर्यंत नेऊन आणली. परत आल्यावर भंगाराचा विषय काढला नाही, फक्त विचारलं, "इंजिन बदललं का रे?"

पुढच्या भागात ब्रेक: पॅड, ड्रम आणि जुनं ब्रेक ऑइल पाणी कसं शोषतं ते. तोवर घरच्या गाडीची डिकी उघडा आणि आत किती किलो उगाच फिरतंय ते बघा.